फावल्या वेळातली स्पॅनिश

नोकरी, घर आणि प्रवास यांतून जो वेळ उरतो त्यात, शिक्षकाशिवाय एखादी भाषा शिकायची म्हटली की पहिला प्रश्न तासांचा येतो. स्पॅनिशपुरते त्याचे उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरीन सर्व्हिस इन्स्टिट्यूट ही संस्था आपल्या अधिकाऱ्यांना नेमणुकीआधी परदेशी भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला कोणती भाषा किती जड जाते, याचे तिने गट पाडले आहेत. स्पॅनिश त्यांतल्या सर्वांत सोप्या गटात आहे. कामकाज चालवण्याइतकी ती यायला वर्गातले 600 ते 750 तास लागतात. हे अधिकारी दुसरे काही काम न करता, पगारी, छोट्या वर्गात बसून हे तास सहा-सात महिन्यांत उरकतात. घरचा अभ्यास वेगळा.

रोज अर्धा तास देणाऱ्याचे वर्षाला सुमारे 180 तास भरतात, तेही दिवाळी, लग्नसराई आणि मार्चअखेर यांतला एकही दिवस बुडाला नाही तर. म्हणजे त्याच पातळीला पोचायला चार वर्षे लागतात, आणि रोज तासभर दिला तर दोन. ‘तीन महिन्यांत अस्खलित स्पॅनिश’ अशा पुस्तकांच्या मथळ्यांपुढे हा हिशेब रुक्ष वाटतो, पण तो सुरुवातीलाच केलेला बरा. स्पॅनिश अर्धवट सोडणाऱ्यांपैकी बरेच जण व्याकरणाला कंटाळून सोडत नाहीत. सहाव्या महिन्यात आपल्याला फारसे काही येत नाही हे पाहून सोडतात. सहाव्या महिन्यात फारसे येत नसतेच.

वयाचा मात्र वाजवीपेक्षा जास्त बाऊ केला जातो. कॅथरीन स्नो आणि मारियान हुफनागेल-ह्योले या दोन संशोधकांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांची डच कशी सुधारत जाते ते तपासले आणि 1978 साली निष्कर्ष मांडले. पहिल्या काही महिन्यांत कुमारवयीन मुले आणि प्रौढ पुढे होते. तीन ते पाच वर्षांची बालके सर्वांत मागे होती. लहान मुलांची सरशी नंतर होते, मुख्यतः उच्चारांत आणि दहा-पंधरा वर्षांच्या लांब पल्ल्यात. शिवाय मुलाला दिवसभर दुसरे काम नसते आणि त्याच्या चुकांचे कौतुक होते. प्रौढाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. ही तफावत मेंदूपेक्षा दिनक्रमाची जास्त आहे.

प्रौढ वयात स्पॅनिश आपलीशी केलेल्या मराठी माणसाचे ठळक उदाहरण म्हणजे गदर चळवळीतले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे. वर्धा जिल्ह्यात जन्मलेले खानखोजे 1924 साली मेक्सिकोत पोचले तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. पुढे त्यांनी चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. त्यांच्याआधी मेक्सिकोत राहून गेलेले मानवेंद्रनाथ रॉय यांचे भारताविषयीचे पुस्तक 1918 साली तिथे स्पॅनिशमध्येच छापले गेले. या दोघांचा वर्ग म्हणजे अख्खे शहर होते. मंडई, छापखाना, सरकारी कचेरी, शेजारी, सगळे स्पॅनिशच बोलत होते आणि त्यावाचून जेवणही मिळाले नसते. ठाण्यात किंवा नाशकात राहून शिकणाऱ्याच्या कानावर इअरफोनबाहेर स्पॅनिशचा एक शब्द पडत नाही. त्याला ती गरज स्वतःच निर्माण करावी लागते, आणि स्वतः निर्माण केलेली गरज कामाच्या पहिल्या घाईत बाजूला पडते. म्हणून त्याच्या बाबतीत पद्धतीला एवढे महत्त्व येते.

कोणती स्पॅनिश शिकायची हा त्यापुढचा प्रश्न. ही भाषा 20 देशांत आणि प्वेर्तो रिकोत अधिकृत आहे आणि जवळपास 50 कोटी लोकांची मातृभाषा आहे. त्यांतले स्पेनमधले पाच कोटींच्या आत भरतात. एकट्या मेक्सिकोची लोकसंख्या तेरा कोटींच्या घरात आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात विशिष्ट ‘स’ जीभ दातांत धरून उच्चारतात, लॅटिन अमेरिकेत तो साधा ‘स’ असतो. मित्रमंडळींना उद्देशून ‘तुम्ही’ म्हणताना स्पेनमध्ये ‘बोसोत्रोस’ आणि त्याची वेगळी क्रियापदरूपे वापरतात. अटलांटिकपलीकडे ‘उस्तेदेस’वर भागते, म्हणजे पाठ करायचे एक रूप कमी. अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘तू’ नाही, ‘बोस’ आहे. स्पेनमध्ये बस ‘पकडायला’ जे क्रियापद सर्रास वापरतात, ‘कोखेर’, ते मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात चारचौघांत उच्चारू नये. एवढे सोडले तर सुशिक्षित स्पॅनिश भाषक एकमेकांचे सहज समजून घेतात. या निवडीवर महिनाभर घालवण्यात अर्थ नाही. ज्या देशाची गाणी, मालिका किंवा माणसे जवळची वाटतात तिथली घ्यावी आणि पहिली दोन वर्षे तिच्यातच राहावे.

उच्चारांत मराठी माणसाला मोठी सवलत मिळते. स्पॅनिशमध्ये पाच स्वर आहेत: आ, ए, इ, ओ, उ. ते कुठल्याही शब्दात जवळपास तसेच राहतात. त-द दंत्य आहेत. क, त, प यांत हवेचा झोत नसतो. अल्पप्राण-महाप्राण हा भेद मराठी कानाला उपजतच कळत असल्यामुळे तो झोत आवरायला वेगळे शिकावे लागत नाही. इंग्रजी भाषकाला त्यासाठी आठवडे लागतात. अडचणी इतरत्र आहेत. ‘ब’ आणि ‘व्ह’साठी अक्षरे दोन असली तरी उच्चार एकच आहे, आणि दोन स्वरांमध्ये तो ओठ पुरते न मिटता होतो. ‘साबण’ या अर्थाचा ‘खाबोन’ देवनागरीत ‘ख’ने लिहिला, तरी तो ‘खडू’मधला ‘ख’ नसून उर्दूतल्या ‘ख़’सारखा घशातून घासत येणारा आवाज आहे. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. दुसऱ्यातला ‘र’ जीभ थरथरवून काढावा लागतो.

याच कारणाने वहीत देवनागरीत उच्चार लिहिण्याची सवय पहिल्या पंधरवड्यानंतर मोडलेली बरी. देवनागरीत आघात दिसत नाही आणि स्पॅनिशमध्ये आघाताने काळ बदलतो. ‘आब्लो’ म्हणताना पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. नियम सुदैवाने सुटसुटीत आहे. शब्द स्वराने किंवा न, स या व्यंजनांनी संपत असेल तर जोर उपान्त्य अवयवावर, इतर व्यंजनांनी संपत असेल तर अंत्य अवयवावर. याला अपवाद असेल तिथे अक्षरावर तिरकी रेघ छापलेली असते. एवढे कळले की अनोळखी शब्दही पहिल्याच वाचनात जवळजवळ बरोबर उच्चारता येतो. इंग्रजीत हे आयुष्यभर जमत नाही.

व्याकरणाशी गाठ पडते तेव्हा एक चमत्कारिक परिस्थिती उभी राहते. मराठी माणसाच्या हाती स्पॅनिश शिकण्याची जी पुस्तके, ॲप्स आणि व्हिडिओ येतात ते बहुतांशी इंग्रजीत आणि इंग्रजी भाषकासाठी केलेले असतात. त्यांत ‘अवघड’ म्हणून ज्या प्रकरणांभोवती लाल चौकट काढलेली असते ती इंग्रजी भाषकाची अवघड प्रकरणे. मराठी शिकाऊ ती चौकट मुकाट्याने मान्य करतो, आधी मनात इंग्रजी वाक्य करतो, मग त्याची स्पॅनिश करतो. अशा रीतीने तो परक्याच्या अडचणी उसन्या घेतो. मधले इंग्रजी वगळून स्पॅनिश वाक्य थेट मराठीशेजारी ठेवले, तर ही प्रकरणे बघता बघता सैल होतात.

‘मे गुस्ता एल काफे’ हे पहिल्या महिन्यातले वाक्य. इंग्रजी पुस्तके त्यावर पानेच्या पाने खर्च करतात, कारण इथे आवडणारी वस्तू कर्ता आहे आणि ज्याला आवडते तो माणूस ‘ला’ लावून बाजूला बसलेला आहे. मराठीत ते सरळ ‘मला कॉफी आवडते’ असते. वस्तू अनेकवचनी झाली की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद दोन्ही भाषांत आंब्यांच्या मागे जाते. ‘मे पारेसे’ म्हणजे ‘मला वाटते’, रचना तीच. सर्वनामांच्या क्रमाचेही तसेच. ‘ते लो दोय’ यातले ‘ते’ म्हणजे तुला, ‘लो’ म्हणजे ते, ‘दोय’ म्हणजे देतो. ‘तुला ते देतो’ हा क्रम मराठी माणसाच्या तोंडात जन्मापासून आहे. इंग्रजी भाषकाला मात्र क्रियापदानंतरची दोन्ही सर्वनामे उचलून आधी आणावी लागतात, आणि बोलण्याच्या ओघात त्याला ते वर्षानुवर्षे जमत नाही.

कर्माला लागणाऱ्या ‘आ’ची गोष्ट आणखी लोभस आहे. ‘बेओ ला कासा’ म्हणजे ‘मी घर पाहतो’, ‘बेओ आ मारीआ’ म्हणजे ‘मी मारीआला पाहतो’. निर्जीव कर्म कोरडे राहते, माणसाला ‘ला’ लागतो. त्यातली बारीक छटासुद्धा जुळते: कोणीही चालेल असा डॉक्टर हवा असेल तर ‘बुस्को उन मेदिको’, ‘मी डॉक्टर शोधतोय’, आपले नेहमीचे डॉक्टर हरवले असतील तर ‘बुस्को आ मी मेदिको’, ‘मी माझ्या डॉक्टरांना शोधतोय’. हा नियम मराठी माणसाला कोणी शिकवलेला नसतो आणि तो त्यात चुकतही नाही. स्पॅनिशमध्येही चुकायचे कारण नाही, फक्त त्या छोट्या ‘आ’कडे मराठीच्या खिडकीतून पाहायला हवे.

भूतकाळ दोन आहेत आणि त्यांनी इंग्रजीतून शिकणाऱ्यांना रडवले आहे. ‘लहानपणी आम्ही नदीवर जायचो’ असे म्हणायचे असेल तर ‘ईबामोस’, ‘काल आम्ही नदीवर गेलो’ असे म्हणायचे असेल तर ‘फ्वीमोस’. मराठीत ‘जायचो’, ‘जात असू’, ‘जात होतो’ एका बाजूला आणि ‘गेलो’ दुसऱ्या बाजूला ठेवले की बहुतेक वाक्यांचा निकाल लागतो. इच्छार्थाचेही असेच. ‘क्येरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावेस असे मला वाटते’. ‘यावेस’, ‘पडावा’, ‘करावास’ ही रूपे मराठी रोज वापरते. इंग्रजीत ती जवळपास झिजून गेली आहेत, म्हणून तिथल्या पुस्तकांत या प्रकरणाची एवढी दहशत. हे साम्य अर्थात पूर्ण नाही. ‘तो येईल असे वाटत नाही’ इथे मराठी भविष्यकाळ वापरते आणि स्पॅनिश इच्छार्थच. तरीही दार उघडायला हे पुरते.

काच फुटण्याच्या प्रसंगी तर दोन्ही भाषा सारख्याच मुत्सद्दी होतात. ‘से मे कायो एल बासो’ यात पेला आपण पाडला असे कोणी म्हणत नाही. ‘माझ्या हातून पेला पडला’ एवढेच म्हणतात. गुन्हा पेल्याचा.

मराठीची मदत कुठे संपते हेही ओळखायला हवे. मराठीत उपपद नाही. स्पॅनिशमध्ये ते जवळपास प्रत्येक नामापुढे उभे असते, आणि मराठी शिकाऊ ‘एल’, ‘ला’ गाळत जातो. लिंगाची कल्पना नवी नसली तरी वाटणी वेगळी आहे. मराठीतला चंद्र पुल्लिंगी, ‘लूना’ स्त्रीलिंगी. ‘रीओ’, म्हणजे नदी, पुल्लिंगी, आणि नद्यांची नावे त्याच्यामागे पुल्लिंगी होतात. गंगामाई स्पॅनिशमध्ये ‘एल गांखेस’ होऊन पुरुषांच्या रांगेत उभी राहते. नपुंसकलिंगी घर, पुस्तक, टेबल यांना कुठे ना कुठे वाटून टाकलेले आहे. म्हणून नाम सुटे पाठ करू नये, उपपदासकट करावे.

‘असणे’ची दोन क्रियापदे, ‘सेर’ आणि ‘एस्तार’, हा खरा अवघड जागेचा मामला. ‘बर्फ थंड असते’ आणि ‘कॉफी थंड आहे’ यांत मराठी जो फरक करते त्याच्यावरून पहिल्यासाठी ‘सेर’ आणि दुसऱ्यासाठी ‘एस्तार’ हे चांगले बसते. पण ‘मी डॉक्टर आहे’ इथे मराठी ‘आहे’ म्हणते आणि स्पॅनिशला ‘सेर’ लागते. ‘कंटाळवाणा आहे’ आणि ‘कंटाळलेला आहे’ हा भेद मराठी विशेषणात दाखवते. स्पॅनिश विशेषण तेच ठेवून क्रियापद बदलते. नियमांच्या यादीने हे फारसे साधत नाही. दोन-तीनशे वाक्ये कानावरून गेली की साधते.

क्रियापदांच्या रूपांपुढे बहुतेकांचे धैर्य खचते. एकेका काळाची सहा रूपे, त्यांत सर्वांत जास्त लागणारी क्रियापदे नेमकी अनियमित. वेळ कमी असलेल्याने इथे निर्दयपणे गाळणी लावावी. भविष्यकाळ पहिल्या वर्षी सोडून दिला तरी चालतो, कारण ‘बोय आ कोमेर’ म्हणजे ‘मी जेवणार आहे’ या रचनेवर रोजचे सगळे भविष्य निभावते. वर्तमानकाळ, दोन भूतकाळ आणि हा ‘णार’ एवढ्या भांडवलावर गप्पा मारता येतात. रूपेही आधी ‘मी’, ‘तू’ आणि ‘तो-ती’ यांचीच पक्की करावी. आदरार्थी ‘उस्तेद’ला ‘तो’चेच रूप लागत असल्याने ते आपोआप पदरात पडते.

शब्दसंग्रहात मात्र इंग्रजीला मान द्यायला हवा. इंग्रजीत ‘शन’ने संपणारे लॅटिन वळणाचे शब्द स्पॅनिशमध्ये ‘सिओन’ने संपतात, ‘टी’ने संपणारे बरेच ‘दाद’ने. ‘नासिओन’, ‘उनिबेर्सिदाद’ शिकावे लागत नाहीत. असे हजारो शब्द फुकट मिळतात आणि त्यांत काही सापळेही असतात. ‘एम्बारासादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. ‘कोन्स्तिपादो’ माणसाला सर्दी झालेली असते. पोर्तुगिजांनी मराठीत सोडलेल्या शब्दांचेही चुलते स्पॅनिशमध्ये भेटतात. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, ‘पान’ म्हणजे पाव, ‘बाल्दे’ म्हणजे बादली, आणि वर आलेला ‘खाबोन’ साबणाचा नातलग. गोव्यातल्या ज्या जुन्या पिढीने शाळेत पोर्तुगीज शिकली, तिला स्पॅनिश वर्तमानपत्र जवळजवळ आयतेच वाचता येते. बोलताना मात्र दोन्ही भाषा एकमेकींत मिसळतात.

सर्वाधिक वापरातले हजार शब्द आले की साध्या मजकुरातले तीन चतुर्थांशाहून अधिक शब्द ओळखीचे होतात. ही गोष्ट जाहिरातींत फार वापरली जाते. उरलेल्या चौथ्या-पाचव्या शब्दातच वाक्याचा अर्थ दडलेला असतो, हे जाहिरात सांगत नाही. तेव्हा हजारानंतरही शब्द जमवत राहावे लागतात आणि जमवलेले टिकवावे लागतात. टिकवण्याचे शास्त्र जुने आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, ते किती वेळाने किती विसरतात याची मोजदाद केली आणि 1885 साली प्रसिद्ध केली. विसरण्याचा वेग सुरुवातीला प्रचंड असतो आणि मग मंदावतो. अंतर वाढवत नेऊन उजळणी केली तर कमी श्रमांत जास्त टिकते. सेबास्टियन लाइटनर याने 1972 साली याच तत्त्वावर चिठ्ठ्यांची पेटी सुचवली. आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली परत पहिल्यात. 2006 पासून उपलब्ध असलेला ‘आंकी’ हा कार्यक्रम तेच काम संगणकावर आणि फोनवर करतो. मराठी घरांत दिवेलागणीला पाढ्यांचा परवचा म्हणून घेत, त्यात उजळणीचे नेम होते, फक्त वाढत्या अंतराचे गणित नव्हते.

या चिठ्ठ्यांचे एक व्यसन लागते. काही जण भाषा शिकण्याऐवजी चिठ्ठ्या बनवण्यात रमतात, रंग देतात, चित्रे चिकटवतात. रोज उत्साहाने तीस नवे शब्द घेणाऱ्याच्या उजळण्या काही आठवड्यांत कितीतरी पटींनी वाढतात. आठवडाभर गावाला जाऊन आले की शेकडो चिठ्ठ्या तुंबलेल्या असतात आणि मग तो कार्यक्रम पुन्हा उघडलाच जात नाही. रोजचे सात-आठ शब्द, तेही स्वतः ऐकलेल्या किंवा वाचलेल्या वाक्यासकट, हे प्रमाण नोकरदाराला झेपते. फोनवरच्या खेळवजा ॲप्सचेही मोल मर्यादितच. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध ‘ड्युओलिंगो’ ज्या दोघांनी काढले त्यांतले लुइस फोन आन स्वतः ग्वातेमालाचे, म्हणजे स्पॅनिश भाषक. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सवय लावायला ते उत्तम आहे. पुढे सलग दिवसांची मोजणी हजेरी मोजते, भाषा मोजत नाही. पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखणे आणि रिकाम्या मनातून वाक्य काढणे ही दोन वेगळी कामे आहेत.

ऐकण्याचा पहिला अनुभव बहुतेकांना हताश करतो. वर्षभर अभ्यास केलेला माणूस स्पॅनिश बातम्या लावतो आणि त्याला एकही शब्द सुटा सापडत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात स्पॅनिश भाषक सेकंदाला जवळपास आठ अवयव बोलताना आढळले, इंग्रजी भाषक सहाच्या थोडे वर. स्पॅनिशच्या एकेका अवयवात माहिती कमी भरलेली असते, त्यामुळे शेवटी मजकूर सारख्याच गतीने पोचतो. शिकणाऱ्याला मात्र या हिशेबाचा दिलासा वाटत नाही. त्यातच शब्दांच्या कडा विरघळतात. ‘लोस ओत्रोस’ ऐकू येताना ‘लोसोत्रोस’ येते. संधी शिकलेल्या माणसाला हे तत्त्व परके नाही, पण कानाला त्याचा सराव हवा. कॅरिबियन बेटांवर अवयवाअखेरचा ‘स’ही हवेत विरतो, म्हणून तिथली स्पॅनिश पहिल्या वर्षी टाळावी.

इथे व्यग्र माणसाकडे एक साधन आहे ते विद्यार्थ्यांकडे नसते: त्याचा प्रवास. लोकलच्या गर्दीत वही उघडता येत नाही, पण ऐकता येते. रोज नवा भाग ऐकण्यापेक्षा तीच पाच मिनिटे आठवडाभर ऐकावी, एकदा लिखित मजकूर समोर ठेवून, पुढे त्याशिवाय. लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या माणसांच्या कहाण्या सांगणारा ‘रादिओ आम्बुलान्ते’ हा श्राव्य कार्यक्रम आपल्या भागांची संहिताही देतो. त्याआधीच्या पायरीला 1992 ची ‘देस्तिनोस’ ही 52 भागांची मालिका आहे. शिकणाऱ्यांसाठीच बेतलेली, नाट्य काहीसे भडक, उच्चार मात्र संथ आणि स्वच्छ. वाचनासाठी आधीच माहीत असलेले पुस्तक घेणे शहाणपणाचे. रवींद्रनाथांच्या शिशुकवितांचा संग्रह सेनोबिया काम्प्रुबी यांनी 1915 साली स्पॅनिशमध्ये आणला आणि त्यानंतर त्यांनी व त्यांचे पती, कवी हुआन रामोन हिमेनेस, यांनी रवींद्रनाथांचे बरेच साहित्य स्पॅनिश वाचकांना दिले. मराठी किंवा इंग्रजीतून रवींद्रनाथ वाचलेल्याला ती पाने शब्दकोशाशिवाय चाळता येतात.

नुसते ऐकून-वाचून बोलता येते का, यावर अभ्यासकांत वाद आहे. स्टीफन क्रॅशन यांच्या मते समजेल असा आणि किंचित वरचा मजकूर भरपूर मिळाला की बाकीचे आपोआप घडते. कॅनडात शाळेतले सगळे विषय फ्रेंचमधून शिकणाऱ्या इंग्रजी मुलांवरून मेरिल स्वेन यांनी 1985 साली उलट बाजू मांडली. वर्षानुवर्षे ऐकून मुलांना समजत चांगले होते, पण बोलताना-लिहिताना व्याकरण कच्चे राहिले. बोलायला भाग पडल्याशिवाय ते पक्के होत नाही. घरी एकट्याने शिकणाऱ्याच्या बाबतीत स्वेन यांचे म्हणणे जास्त लागू पडते, कारण त्याला बोलायला भाग पाडणारे कोणीच नसते.

बोलायला माणूस मिळणे आता कठीण राहिलेले नाही. आंतरजालावर तास घेणारे शिक्षक आहेत, आणि भाषेच्या बदल्यात भाषा शिकवायला तयार असणारेही. अडचण घड्याळाची असते, आणि गंमत म्हणजे भारतातल्या नोकरदाराला तीच सोयीची पडते. पुण्यात सकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा मेक्सिको सिटीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा, बोगोतात साडेसात आणि ब्वेनोस आयरेसमध्ये रात्रीचे साडेनऊ. तिकडचा माणूस काम संपवून निवांत, इकडचे घर अजून झोपेत. स्पेनशी बोलायचे तर रात्रीचे दहा बरे. तिथे तेव्हा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा. आठवड्याला अर्ध्या तासाचे एक संभाषण आणि त्यासाठी आधी केलेली पाच-सहा वाक्यांची तयारी, एवढ्याने एरवीच्या अभ्यासालाही धार येते. कारण बुधवारी काय बोलायचे या विचाराने सोमवारपासून शब्द शोधले जातात.

परीक्षेचा उपयोग याच जातीचा आहे. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितूतो सेर्वान्तेस ‘देले’ परीक्षा घेते. ही संस्था 1991 साली स्थापन झाली आणि 2009 पासून तिचे केंद्र दिल्लीतही आहे. युरोपीय चौकटीनुसार ए1 पासून सी2 पर्यंत सहा पायऱ्या, आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. ए1 आणि ए2 पायऱ्यांसाठी पैसे खर्चावेत असे नाही. बी1 मात्र एक खरी सीमा आहे: ओळखीच्या विषयावर सावकाश का होईना पण स्वतःचे म्हणणे मांडता येणे. त्यापुढे पाठ्यपुस्तकाची गरज झपाट्याने कमी होते आणि प्रगतीही डोळ्यांना दिसेनाशी होते. आधी दर आठवड्याला काहीतरी नवे यायचे, आता महिनेच्या महिने सारखेच वाटतात. या टप्प्यात व्याकरणाचे आणखी एक पुस्तक विकत घेणे हा नेहमीचा आणि निष्फळ उपाय. स्वतःच्या व्यवसायातले किंवा आवडीचे वाचन स्पॅनिशमध्ये सुरू करणे जास्त फळते. लेखापरीक्षकाने अर्थविषयक पाने वाचावीत, बागकाम करणाऱ्याने रोपांचे व्हिडिओ पाहावेत. विषय आधीच ठाऊक असल्याने अर्धे शब्द अंदाजाने कळतात.

चार वर्षांच्या या कालावधीत खंड पडतोच. घरातले आजारपण, बदली, मुलांचे दहावीचे वर्ष यांत तीन-चार महिने स्पॅनिश बंद राहते आणि सगळे पुसले गेले असे वाटते. एबिंगहाउसच्या मोजमापातली एक बाजू इथे उपयोगी पडते. विसरलेला मजकूर पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो, हेही त्याने दाखवले होते. किंबहुना स्मृती मोजण्याची त्याची पद्धत त्या वाचलेल्या वेळावरच उभी होती. परतणाऱ्याने पुस्तक पहिल्या धड्यापासून उघडू नये. तुंबलेल्या चिठ्ठ्या निम्म्याहून अधिक काढून टाकाव्यात, पूर्वी पाठ झालेले श्राव्य भाग आठ-दहा दिवस ऐकावेत, दोन्ही भूतकाळांची रूपे एकदा लिहून काढावीत आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी सहाची वेळ पुन्हा ठरवावी.